पक्षाघातानंतर तळपायाची जाणीव परत आणताना या चुका टाळा

पक्षाघाताच्या झटक्यानंतर काही जणांचा पाय उचलला जातो, गुडघाही वाकतो, पण चालताना नजर सतत जमिनीवर असते आणि पाऊल आपटून पडतं. अशा वेळी ताकदीच्या बरोबरीने तळपायाची जाणीवही गेलेली असू शकते. टाच टेकली का, वजन चवड्यावर आलं का, याची खबर मेंदूपर्यंत पोचत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्ट तळपायाला स्पर्श, दाब आणि वेगवेगळे पृष्ठभाग ओळखण्याचे व्यायाम देतात. घरी ते मनापासून केले जातात, पण बऱ्याचदा अशा रीतीने की मेहनत होते आणि चाल तशीच राहते.

पाय तपासल्याशिवाय सुरुवात करणं

काय गेलंय हे माहीत नसेल, तर काय परत आलं हेही कळणार नाही. दवाखान्यात १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने तळपाय तपासतात: तंतू वाकेपर्यंत टेकवायचा, एक-दोन सेकंद धरायचा, उचलायचा. घरी कापसाचा बोळा चालेल. रुग्णाचे डोळे मिटलेले असावेत. टाच, चवडा, अंगठा आणि बाहेरची कड अशा चार जागी स्पर्श करा आणि मध्येमध्ये मुद्दाम स्पर्श न करताच ‘लागलं का?’ विचारा. तेव्हाही ‘हो’ आलं, तर उत्तरं अंदाजाची आहेत.

अंगठ्याची दिशा ओळखण्याच्या चाचणीत एक चूक हमखास होते. अंगठा वरून आणि खालून धरला जातो, मग बोटांच्या दाबावरूनच दिशा समजते. तो दोन्ही बाजूंनी, चिमटीत धरा आणि किंचितच हलवा. उत्तरं दोनच, वर किंवा खाली. त्यामुळे १० पैकी ५ बरोबर आली तर ती निव्वळ अंदाजानेही येतात. ८-९ बरोबर आल्यावरच जाणीव आहे म्हणा. बोलता येत नसेल तर बोटाने वर-खाली दाखवू द्या.

तुलना नेहमी चांगल्या पायाशी करतात. मधुमेह असेल तर मात्र दोन्ही तळपाय आधीपासूनच बधिर असू शकतात. मग ‘चांगला’ पाय मोजपट्टी म्हणून कामाचा नाही. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

नुसतं रगडत राहणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. काशाची वाटी घेऊन अर्धा तास तळपाय घासला, रुग्ण टीव्ही बघत पडून आहे. पायाला बरं वाटतं, झोपही लागते, त्यात वाईट काही नाही. पण त्याला प्रशिक्षण म्हणता येत नाही, कारण मेंदूला कुठलाच प्रश्न विचारलेला नाही. लक्ष देऊन फरक ओळखावा लागला, तरच सराव होतो.

रुग्णाला खुर्चीत बसवा, गुडघा आणि घोटा काटकोनात, टीव्ही बंद. काथ्याचं पायपुसणं आणि मऊ टॉवेल, इतका ढोबळ फरक आधी घ्या. डोळे उघडे ठेवून चांगल्या पायाने ओळखायचं, मग कमजोर पायाने. नंतर डोळे मिटून, आणि उत्तर चुकलं तर डोळे उघडून पुन्हा तोच स्पर्श. हे शेवटचं पाऊल गाळू नका, चूक दुरुस्त होते ती तिथे. पाय पृष्ठभागावर नुसता स्थिर ठेवू नका, रुग्णाने तो स्वतः हलकेच घासावा. जमत नसेल तर तुम्ही आधार द्या. १० पैकी ८ वेळा बरोबर आलं की फरक कमी करा: टॉवेल आणि सतरंजी, मग कडक आणि मऊ स्पंज. १०-१५ मिनिटं पुरे. थकल्यावर उत्तरं बिघडतात आणि रुग्ण खचतो.

बिछान्यावरच थांबणं

पाय जागा केला आणि पुन्हा पांघरूण घातलं, तर चालण्याला त्याचा उपयोग थोडाच. फक्त स्पर्श देऊन चाल सुधारते याचे पुरावे संमिश्र आहेत. उभं राहण्याचा आणि चालण्याचा सराव हाच मुख्य उपचार, स्पर्श त्याच्या जोडीला. म्हणून लगेच पुढे उभं राहण्याचा सराव हवा, तोही थेरपिस्टने परवानगी दिली असेल तर.

घरात दोन सारखे वजनकाटे मिळाले तर उत्तम. आधी एकाच निरोगी माणसाने दोन्हींवर आळीपाळीने उभं राहून आकडे जुळतात का पाहा. मग मजबूत टेबलासमोर, रुग्णाचा एकेक पाय एकेका काट्यावर. ६० किलोच्या माणसाचं ४२ किलो चांगल्या पायावर आणि १८ किलो कमजोर पायावर पडत असेल, तर ‘वजन सारखं टाका’ असं शंभरदा सांगण्यापेक्षा तो आकडा दाखवणं जास्त कामी येतं. आकडा न बघता आधी अंदाज सांगायला लावा, मग बघू द्या. मदतनीस कमजोर बाजूला उभा राहील आणि कमरेचा पट्टा धरेल. कमजोर हात धरून ओढू नका, खांद्याचा सांधा सरकतो.

बोचरी मॅट, गरम पाणी, तेलकट पाय

अॅक्युप्रेशरच्या टोकदार मॅटवर बधिर पायाने उभं करू नका. टोचतंय हे रुग्णाला कळत नाही आणि जखम दोन दिवसांनी दिसते. गरम-थंड पाण्याचा प्रयोग करायचा झालाच तर पाणी थर्मामीटरने मोजा, ४० अंश सेल्सिअसच्या वर नको. रुग्णाच्या पायाने पाणी अजमावू नका. गरम पाण्याची पिशवी तर नकोच. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणंही टाळा. तेल लावलं असेल तर तळपाय पुसून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच उभं करा. हवाई चप्पल कमजोर पायातून निसटते. मागे पट्टा असलेली सँडल घ्या. सराव संपला की रोज तळपाय आरशात पाहा. अर्ध्या तासानंतरही लाली राहिली तर त्या दिवशी पुढचा सराव बंद.

मशीनची गल्लत

टेन्स मशीन त्वचेला झिणझिण्या देतं. पाऊल लोंबकळत असेल तर ते उचलणारं स्नायूंचं मशीन वेगळं. जाणीव नसलेल्या पायावर ‘काही लागत नाही’ म्हणून करंट वाढवत नेणं धोक्याचं आहे, त्वचा भाजू शकते. करंट, वेळ आणि पॅडच्या जागा थेरपिस्टने ठरवलेल्याच ठेवा. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन लावू नका.

मध्येच अडलं तर

चवड्यावर दाब देताच बोटं आत वळतात, घोटा ताठ होतो किंवा पाऊल थरथरू लागतं. हा वाढलेला स्नायूताण आहे, रुग्णाचा हट्ट नव्हे. चवडा सोडा, टाचेपासून आणि बाहेरच्या कडेपासून, पूर्ण तळव्याने, सावकाश दाब द्या. पिसासारखा हलका किंवा झटपट स्पर्श ताण वाढवतो.

चादर लागली तरी पायाची आग होत असेल, तर सहन करायला लावू नका. मेंदूतल्या इजेमुळे येणाऱ्या वेदनेला वेगळी औषधं आहेत.

डावी बाजूच विसरली जात असेल, म्हणजे ताटातलं डावीकडचं अन्नही राहत असेल, तर आधी डाव्या पायाकडे बघायला लावा, हात लावून दाखवा, मग प्रश्न विचारा.

पोटरी एकाच पायाची सुजली, गरम झाली, दुखू लागली तर मालीश करू नका. रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि चेहरा वाकडा होणं, बोबडी वळणं, नवा अशक्तपणा यांपैकी काहीही दिसलं, तर सराव तिथेच सोडून १०८ ला फोन करा.