१९७४ च्या खेळपुस्तिका जपताना

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या कल्पित पात्रं रंगवत खेळायच्या खेळाच्या पुस्तिकांचा मूळ अमेरिकन संच आधी ओळखा. लाकडासारख्या नक्षीचं खोकं म्हणजे सुरुवातीची छपाई, पांढरं म्हणजे नंतरची. पण खोकी अदलाबदल झालेली असतात, म्हणून आतला मजकूर वाचा: पुढच्या छपाईत खेळातल्या बुटक्या लोकांचं 'हॉबिट' हे नाव जाऊन 'हाफलिंग' आलं.

खरा शत्रू म्हणजे पुस्तिकेची पानं घडीवर जोडणारी गंजलेली पिन. ओढलीत तर घडीवरच कागद फाटतो. मधलं पान उघडून पिनेचे पाय बोथट, पातळ पट्टीने सरळ करा, मग बाहेरून उचला. त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. चिकटपट्टी अजिबात नको. तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो.

खेळाच्या चाहत्यांनी काढलेली जांभळ्या शाईची हौशी पत्रकं उजेडाने विटतात. ती सर्वांत आधी, रंगीतच, ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ या चित्रफाइलच्या प्रकारात ठेवा. करड्या स्कॅनमध्ये फिकट अक्षरं पिवळट कागदात बुडून जातात.