बाइकच्या इंजिनाच्या गाड्या, वजनकाटा आणि मी

मोटरस्पोर्टमध्ये काम करायचंय म्हणणारी मुलं भेटतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात एकतर ड्रायव्हिंग असतं नाहीतर एरोडायनॅमिक्स. नियम लिहिणारा आणि तपासणारा माणूस कुणाच्या गावीही नसतो. माझ्याही नव्हता. एका वीस मिलिमीटरच्या भोकानं मला तिकडे ओढलं.

पुण्यात कॉलेजात असताना आमच्या टीमनं फॉर्म्युला भारतसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी, गाडी बनवली होती. इंजिन केटीएम ३९०चं. ते चाकणला बनतं, पार्ट लगेच मिळतात, म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच टीमांचं ते लाडकं. ७१० सीसीपर्यंतचं कुठलंही फोर-स्ट्रोक इंजिन आणा, सिलिंडर किती ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिमी व्यासाच्या एकाच गोल भोकातून गेली पाहिजे, असा तिथला नियम. या भोकाला रिस्ट्रिक्टर म्हणतात. भोकात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की इंजिनानं पुढे कितीही ओढलं तरी हवा वाढत नाही. सेकंदाला साधारण ७५ ग्रॅमवर गाडं अडतं. किमान वजनाची अट मात्र नाहीच. त्यामुळे चार सिलिंडरचं ६०० सीसी इंजिन बसवणारे आणि आमच्यासारखे एका सिलिंडरचं हलकं इंजिन बसवणारे एकाच मैदानात उतरू शकतात. एका भोकात एवढं राजकारण बसतं याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

तो रिस्ट्रिक्टर आम्ही भोसरीत एका काकांकडे लेथवर करून घेतला. ड्रॉइंगवर २०.०० लिहिलेलं बघून ते म्हणाले, "बाळा, हे अ‍ॅल्युमिनियम आहे. इंजिनाशेजारी तापलं की फुगणार. साहेबाच्या हातातला भोक मोजायचा गेज आत गेला तर काय करशील? १९.९५ ठेवू." मी घरी येऊन हिशेब केला. साठ अंश तापमान वाढलं तर २० मिमीचं भोक पाऊण शतांश नव्हे, चांगलं तीन शतांश मिलिमीटर वाढतं. आणि १९.९५ ठेवल्यानं क्षेत्रफळ जातं फक्त अर्धा टक्का. काकांनी कुठलंही गणित न मांडता सौदा बरोबर केला होता.

कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर तपासणीत गेज आत गेला नाही. आम्ही खूश. मग परीक्षकांनी इंजिन चालू करायला सांगितलं आणि हवा जिथून आत जाते ते तोंड तळहातानं बंद केलं. इंजिन लगेच बंद पडायला हवं. आमचं खोकत खोकत चालूच राहिलं. रिस्ट्रिक्टर आणि प्लेनम, म्हणजे त्यामागची हवेची पेटी, यांच्या जोडावर आदल्या रात्री घाईत सिलिकॉन लावलं होतं, तिथून ते हवा ओढत होतं. चोरी करायचा इरादा नव्हता, पण इंजिनाला इरादा कळत नाही. दोन तास जोड उघडून, पुसून, परत बसवत होतो. एक तळहात आणि पाच सेकंद, एवढ्यात कळतं की इंजिनात दुसरीकडून हवा शिरते की नाही. महागडं यंत्र नाही, लॅपटॉप नाही. ते माझ्या मनात रुतून बसलं.

पुढे मास्टर्ससाठी इंग्लंडला आलो, नोकरीही इथेच लागली, आणि सुट्टीच्या दिवशी हौशी शर्यतींत स्क्रूटिनीअरच्या, म्हणजे गाड्या नियमात बसतात का ते तपासणाऱ्याच्या, हाताखाली शिकायला लागलो. इथली हौशी परंपरा जुनी आहे. ७५० मोटर क्लब १९३९चा, आणि नावातले ७५० हे ऑस्टिन सेव्हन या जुन्या छोट्या गाडीच्या इंजिनाचे. स्वस्तातलं इंजिन घेऊन घरच्या गॅरेजात गाडी बनवायची, ही ती जात. पुढे अनेकांनी अपघातात मोडलेल्या सुपरबाइकचं इंजिन काढून छोट्या गाडीत बसवायला सुरुवात केली. हलकं, बारा-तेरा हजार आरपीएम फिरणारं, आणि सहा गिअरचा बॉक्स आतच. पीटरबरोची रेसिंग गाड्या बनवणारी रॅडिकल कंपनी १९९७मध्ये याच कल्पनेवर उभी राहिली.

मी शर्यतींच्या ज्या छोट्या मालिकेत काम करायचो तिथे वर्गवारी सीसीवर होती. हजारच्या आतले एका वर्गात. ऐकायला सरळ. पण १९९८च्या यामाहा आर-वनची जाहीर ताकद १५० हॉर्सपॉवर, २००१च्या सुझुकी जीएसएक्स-आर १०००ची १६०, आणि २००९मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एस १००० आरआरची १९३. तिन्ही हजारच्या आत. म्हणजे ज्यानं जुन्या इंजिनावर तीन हंगाम घाम गाळला, त्याला एका हिवाळ्यात कुणीतरी चेकबुकानं मागे टाकणार. नव्या माणसानं पहिली गाठ इथे बांधावी. सीसीवरून सिलिंडरचं माप कळतं, ताकद नाही, आणि बाइक कंपन्या तुमच्या शर्यतीसाठी थांबत नाहीत.

मग सगळ्यांच्या तोंडी पहिलं उत्तर येतं, वजन वाढवा. मीही तेच घेऊन हिवाळ्यातल्या बैठकीला गेलो होतो, रंगीत एक्सेल शीटसह. ड्रायव्हरसकट ४५० किलोची गाडी, १६० हॉर्सपॉवर. तेच प्रमाण १९३ हॉर्सपॉवरच्या गाडीला लावलं तर ती ५४३ किलोंची हवी. म्हणजे ९३ किलोंचं ओझं, एक जाडजूड माणूस शेजारी बसवल्यासारखं. ती गाडी ब्रेक आणि टायर खाणार, वळणात मार खाणार, आणि लांब सरळ पट्टीच्या शेवटी तरीही पुढे जाणार, कारण तिथे भांडण वजनाशी कमी आणि हवेच्या अडथळ्याशी जास्त असतं. एका ट्रॅकवर न्याय, दुसऱ्यावर अन्याय. वीस-पंचवीस किलोंपर्यंतचा फरक वजनानं मिटतो. त्यापुढे इंजिनात जाणारी हवा अडवावी लागते, हे माझं मत त्या शीटनंच मला पटवलं.

बैठकीत सत्तरीचे एक मुख्य स्क्रूटिनीअर होते. त्यांनी माझी शीट शांतपणे पाहिली आणि एवढंच विचारलं, "हे शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, पावसात, कोण मोजणार आणि कशानं?" माझ्या सूत्रात डायनोचे, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राचे, आकडे होते. आता डायनोचं असं की एकच गाडी दोन ठिकाणी नेली तर दोन आकडे येतात, आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचा कागद आणतो. शेवटी ठरलं ते फार साधं होतं. परवानगी असलेल्या इंजिनांची यादी, मॉडेल आणि वर्षासकट. नव्या इंजिनांना ठरावीक मापाची रिस्ट्रिक्टर प्लेट, ती आयोजकांनी द्यायची, म्हणजे प्रत्येकाचे भोसरीचे काका वेगळे नकोत. इंजिनाच्या हेडच्या बोल्टमधून तार ओवून शिशाचं सील, म्हणजे कुणी उघडलं तर कळेल. आणि एकच किमान वजन, ड्रायव्हरसकट.

ड्रायव्हरसकट यावर खूप वाद झाला. नुसत्या गाडीचं वजन धरलं तर ५५ किलोंची मुलगी ९५ किलोंच्या गृहस्थाला फुकटात ४० किलो मागे टाकते. त्या गृहस्थांचं म्हणणं मला पटलं होतं, जरी ते पोटावर हात ठेवून बोलत होते.

काय बदलू द्यायचं यावरही डोकं लावावं लागतं. नवशिका नियम लिहितो तेव्हा सरसकट 'काहीही बदलायचं नाही' असं लिहून मोकळा होतो. पण बाइक वळताना झुकते, गाडी झुकत नाही. त्यामुळे बाइकच्या इंजिनातलं तेल लांब वळणात एका कडेला पळतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. म्हणून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, आडव्या पट्ट्या बसवायला परवानगी द्यावीच लागते. कॅम, पिस्टन, हेड यांना हात नाही. जे इंजिन जगवतं ते मोकळं सोडलं, ताकद वाढवणारं ते बंद केलं. पिस्टन बदलला की नाही हे संशय आला तरच उघडून बघायचं. बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) मोजायला व्हर्नियर आणि शाळेतलं गणित पुरतं. आमच्या वेळच्या ३९०चं इंजिन ८९ बाय ६० मिमी, करून बघा, ३७३ येतात.

जिंकणाऱ्यावर वजन लादायची खुमखुमी प्रत्येक मालिकेत येते. माझा सल्ला, नुसत्या लॅप टाइमवरून ते करू नका. लॅप टाइममध्ये गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही मिसळलेले असतात. सरळ पट्टीच्या शेवटचा वेग वेगळा काढा. तिथे पहिल्या तिघांचा वेग सारखाच असेल, तर जिंकणारा वळणात जिंकतोय, आणि त्याला शिक्षा करणं म्हणजे चांगलं चालवल्याची शिक्षा.

या कामात शिरायचं असेल तर कॉलेजच्या टीममध्ये नियमावलीचं काम मागून घ्या, ते कुणालाच नको असतं. स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून तपासणीच्या रांगेत उभे राहा. टॉर्च, व्हर्नियर आणि जुने कपडे न्या. आणि वजनकाट्याखालची फरशी सपाट आहे का ते सकाळी स्वतः बघा.

माझ्या पहिल्या हंगामात एक विजेता काट्यावर दोन किलो कमी भरला. शर्यतीनंतर गाडी जशी आली तशीच तोलायची, असा नियम. वर पेट्रोल ओतायचं नाही. त्यानं सकाळी चार लिटर कमी भरलं होतं, आणि चार लिटर म्हणजे तीन किलो. गाडीचं तोंड उलट्या दिशेला करून पुन्हा तोलली, आकडा तोच. माणूस सभ्य होता, चषक टेबलावर ठेवून गेला. पुढच्या शर्यतीला तो पाच किलोंची शिशाची प्लेट लावून आला. ती चारऐवजी दोनच बोल्टांवर होती, म्हणून मला त्याला परत रांगेच्या शेवटी पाठवावं लागलं.