पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मरचं ऑइल सॅम्पल घेताय? आधी बाटलीला हात लावून बघा

खालचा ड्रेन व्हॉल्व्ह, फ्लशिंग (आधी थोडं ऑइल सोडून देणं), त्याच ऑइलने बाटली खंगाळणं, धार काचेच्या कडेने सोडणं, हे सगळं तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असणार. पावसाळ्यात बाटली गार असली तर काय होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. माझा पहिला सीझन त्यातच गेला. एकाच ट्रान्सफॉर्मरचे रिझल्ट एकमेकांशी जुळायचे नाहीत आणि कारण सापडायचं नाही.

जुलैत नागपूरहून बुटीबोरीला निघालं की गाडीत एसी लागतोच. बाटल्या मागच्या सीटवर गारेगार होतात. साइटवर परमिट मिळालं की लगेच झाकण उघडायचं. बाहेरची दमट हवा त्या थंड काचेला आतून लागते आणि दव धरतं. ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. आता हिशोब करा. एक थेंब म्हणजे साधारण 0.05 मिली. एक लिटर ऑइलमध्ये तेवढं पाणी गेलं तर पाण्याचे पन्नासच्या वर पीपीएम (दहा लाखातले भाग) वाढतात. पाव थेंब गेला तरी बारा-पंधरा वाढतात, आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा निर्णय तेवढ्यावर फिरू शकतो. बीडीव्हीच्या, म्हणजे ऑइल किती व्होल्टेज सहन करतं त्या चाचणीच्या, 2.5 मिमी गॅपमध्ये ओला धागा अडकला तर चांगलं ऑइलही नापास होतं. मग विनाकारण फिल्ट्रेशन, विनाकारण शटडाऊन.

म्हणून बाटल्या एसीच्या झोतात ठेवूच नका. साइटवर पोचल्यावर झाकण घट्ट लावलेलंच ठेवा आणि काच बाहेरच्या हवेइतकी कोमट होईपर्यंत थांबा. हाताला गार लागली तर अजून थांबा. साहेब घाई करतील, करू द्या. पाऊस सुरू असेल तर सॅम्पल घ्यायचंच नाही, यावर वाद नको.

व्हॉल्व्ह पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे सुटतात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत सॅम्पल आणणाऱ्याकडून काही शिकू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा सबस्टेशनवरच्या जुन्या ऑपरेटरला विचारा. कुठला व्हॉल्व्ह अडकतो, कुठे तळाला गाळ साचतो, हे त्यालाच माहीत असतं.

सीटी-पीटीला (करंट आणि व्होल्टेज मोजण्यासाठीचे छोटे ट्रान्सफॉर्मर) शटडाऊनशिवाय हात लावायचा नाही. त्यात ऑइल थोडंच असतं आणि किती काढायचं हे मेकर ठरवतो. चालू ट्रान्सफॉर्मरवरसुद्धा व्हॉल्व्ह उघडण्याआधी आत पॉझिटिव्ह प्रेशर आहे याची खात्री करा. नसेल तर ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते, आणि तो बुडबुडा वाइंडिंगपर्यंत (आतल्या तारांच्या गुंडाळीपर्यंत) गेला तर फ्लॅशओव्हर, म्हणजे आतल्या आत ठिणगी, होऊ शकतो. इथे अंदाज चालत नाही.

डीजीएच्या (ऑइलमध्ये विरघळलेले वायू मोजायच्या चाचणीच्या) सिरिंजला सुरुवातीला सगळ्यांचाच हात थरथरतो. घाबरू नका. सिरिंज उभी धरा, बुडबुडा वर येऊ द्या, थ्री-वे कॉकमधून (सिरिंजच्या तोंडावरच्या तीन वाटांच्या नळीतून) बाहेर काढा आणि हळूहळू परत भरा. चार-सहा वेळा केलं की हात बसतो. मात्र बुडबुडा तसाच राहिला तर हायड्रोजन आधी त्यात जातो आणि ऑइलमधला आकडा खोटा कमी येतो.

लेबलवर ऑइलचं तापमान आणि लोड तिथेच उभं राहून लिहा. वाइंडिंगभोवती गुंडाळलेला कागद गरम झाला की ओल ऑइलमध्ये सोडतो आणि थंड झाला की परत शोषून घेतो. मे महिन्यातल्या दुपारचा पीपीएम आणि डिसेंबरच्या सकाळचा पीपीएम तापमान न बघता शेजारी मांडले, तर ट्रान्सफॉर्मर सुधारला असंच कुणालाही वाटेल.