महिलांसाठी फिनटेक काढताय? आधी बचत गटाच्या बैठकीला बसा

महिलांसाठी फिनटेक, म्हणजे पैशांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर, काढायचं म्हणून "ताई, सुरुवात कुठून करू?" असं विचारणाऱ्या मुलींना माझं उत्तर ठरलेलं आहे: लॅपटॉप मिटा आणि आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-पेठकडच्या एखाद्या बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसा. बोलू नका, वही बघा. आमचं सॉफ्टवेअर गटांचा हिशेब ठेवतं आणि त्यावरून बँकेसाठी कर्जप्रस्ताव तयार करतं. त्यातलं कामाचं बहुतेक सगळं अशाच बैठकांत कळलं.

ओटीपीचंच बघा. सतरंजीवर बसलेल्या ताई पदराच्या गाठीतून बचतीचे शंभर रुपये काढतात, सचिव रोखवहीत लिहिते, सगळं सुरळीत. खात्याला जोडलेला नंबर विचारला की उत्तर येतं, "तो पोराकडं आहे. पोरगा सातपूरला कंपनीत." म्हणजे ओटीपी जाणार सेकंड शिफ्टला! बाईच्या नावावर खातं असतं, फोन मात्र घराचा असतो. म्हणून आमच्याकडे नोंद सचिवाच्या फोनवर होते आणि प्रत्येकीची रक्कम बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली जाते. चूक असेल तर तिथल्या तिथे कुणीतरी ओरडतंच. इतका चोख ऑडिट मी दुसरीकडे पाहिला नाही.

मग हप्त्यांचं वेळापत्रक. पेठ-सुरगाण्याच्या बायका ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून द्राक्षबागांत मजुरीला येतात. डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी, पुढे काढणी. तोवर हातात पैसा खेळतो. पावसाळ्यात घरच्या भातलावणीत राबायचं, त्याची मजुरी कोण देणार? दरमहा सारखा हप्ता लावलात तर याच बायका जुलैत थकबाकीदार दिसतील. हप्ता हंगामाला बांधायला बँकेला पटवणं, हे कोड लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे.

नियम मात्र पहिल्याच दिवशी वाचा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार रक्कम बँकेकडून किंवा एनबीएफसीकडून (बँक नसलेल्या वित्तसंस्थेकडून) थेट कर्जदाराच्या खात्यात जायला हवी. मध्ये तुमच्या कंपनीचं खातं चालत नाही. तुमची फीसुद्धा बँकेनेच द्यायची, कर्जदाराकडून घ्यायची नाही. स्वतःची एनबीएफसी काढायची म्हटलं तर 10 कोटींचा स्वनिधी लागतो, त्यामुळे तो विषय सध्या बाजूला ठेवा.

वाट अगदीच नवी नाही. चेतना सिन्हांनी 1997 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी महिला बँक उभी केली. संस्थापक बायका निरक्षर म्हणून आधी परवाना नाकारला गेला. त्या शिकल्या, परत गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी ठेवली. नायजेरियात ओडुनायो एवेनी आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये पिगीव्हेस्ट हे बचतीचं ॲप सुरू केलं, ते लाकडी पेटीत पैसे साठवायच्या तिथल्या सवयीवर. दोन्हीकडे बायकांची सवय आधीपासून होती, यंत्रणा मागून आली.

गुंतवणूकदारांसमोर तांत्रिक प्रश्न तुमच्या शेजारी बसलेल्या पुरुष सहसंस्थापकाला विचारले जातील, तुम्हीच कोड लिहिला असला तरी. आमचं ठरलंय: तो गप्प बसतो, मी उत्तर देते. सुरुवातीच्या पैशासाठी राज्याची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना बघा. 1 ते 25 लाखांचं अर्थसाहाय्य मिळतं, पण कंपनीत महिलेचा वाटा किमान 51 टक्के लागतो. भागीदारीच्या कागदांवर सही करण्याआधीच हे ठरवा.

बँकेबरोबर पायलट, म्हणजे छोटी चाचणी, करताना होकार शाखाधिकाऱ्याचा तोंडी घेऊ नका, प्रादेशिक कार्यालयाचं पत्र मागा. साहेबांची बदली झाली की नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आणि मार्चमध्ये शाखेत पाऊल टाकू नका. तिथे कुणाला चहा प्यायलाही वेळ नसतो.