पाइपच्या तंबाखूचा रिकामा डबा

पाइपच्या तंबाखूचा गोल, चपटा पत्र्याचा डबा भंगारात देऊ नका. झाकण घट्ट बसतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तेच मोलाचं! गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कडक उन्हात वाळवा. खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो, म्हणून कडेला आणि झाकणाच्या आतून खोबरेल तेलाचा पुसट हात फिरवा. मासे धरायचे गळ आणि तंगूस (गळाची बारीक नायलॉनची दोरी) ठेवायला तर यासारखी डबी नाही: तळाला जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा चिकटवून त्यात गळाची टोकं रुतवली की बोटाला लागत नाहीत. पडवळ-दोडक्याचं बियाणं राखेत घोळवून ठेवा. सुईदोरा, काडेपेटीही चालेल. खाण्याचं मात्र काहीच नको. तंबाखूचा अंश पोटात जाता कामा नये.