टिव्होवर ३० सेकंदांची उडी: जाहिराती टाळण्यासाठी

टिव्हो म्हणजे टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा बॉक्स. त्यावर रेकॉर्ड केलेला कार्यक्रम सुरू करा आणि तो चालू असतानाच क्रमाने दाबा: सिलेक्ट, प्ले, सिलेक्ट, ३, ०, सिलेक्ट. तीनदा टिंग वाजलं की जमलं. आवाज आला नाही, तर बहुधा बटणं फार सावकाश दाबली गेली, पहिल्यापासून करा. आता उभ्या रेघेला टेकलेल्या बाणाचं बटण शेवटाकडे न नेता ३० सेकंद पुढे उडी मारेल. हाच क्रम पुन्हा दिला की सोय बंद.

बदल रिमोटमध्ये नाही, बॉक्समध्ये होतो. म्हणूनच जुना बॉक्स रीस्टार्ट झाला, वीज जाऊन आली, की कोड परत द्यावा लागतो. लोक उगाच सेल बदलत बसतात.

दुसरा लर्निंग रिमोट (इतर रिमोटची बटणं शिकून घेणारा) वापरत असाल तर त्याला ते बाणाचं बटण तेवढं शिकवा. दोन्ही रिमोट समोरासमोर, दोन-तीन सेंटिमीटरवर, उन्हापासून दूर ठेवा. चार दाबांचा मॅक्रो (एकाच बटणावर बसवलेली दाबांची मालिका) केला तर दोन मिनिटं एका झटक्यात सरतात, पण प्रत्येक दाबानंतर अर्धा सेकंद थांबा टाका, नाहीतर बॉक्स एखादा दाब गिळतो. ब्रेकची लांबी ठरलेली नसते, त्यामुळे हाताने मोजून दाबणंच बरं. पुढे गेलात तर इन्स्टंट रिप्लेचं बटण ८ सेकंद मागे आणतं.