कॅमेरा आहे, पेज आहे, मग फोन का वाजत नाही? नव्या लग्न-फोटोग्राफरने या चुका टाळा

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे सांगली-मिरजेतली दोन-चार नवी मुलं माझ्याकडे येतात. कॅमेरा चांगला, हात चांगला, इन्स्टाग्रामवर हजारभर फॉलोअर्स, आणि ऑर्डर एकही नाही. मी आधी फॉलोअर्सची यादी उघडायला सांगतो. त्यात बहुतेक दुसरे फोटोग्राफर, एडिटर आणि प्रीसेट (फोटोच्या रंगांच्या तयार सेटिंग्ज) विकणारे असतात. त्यांची वाहवा मनाला बरी वाटते, पण त्यांच्यापैकी कुणाच्या घरी लग्न नसतं.

लग्नाचा फोटोग्राफर नवरा-नवरी सुचवतात, पण होकार घरातून येतो. नवरीचा मोठा भाऊ, आत्या, मामा, वडील अशा चार माणसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचं काम फिरतं आणि तिथे ठरतं. नव्यांच्या बहुतेक चुका या चौघांना विसरल्यामुळे होतात.

त्यांना बघायचंय ते दाखवलंच नाही

पेजवर काय असतं? मावळत्या सूर्यासमोर जोडपं, मागचं सगळं धूसर. नवरीचा एक डोळा आणि नथ. फोटो सुंदर असतील, पण आत्याला विचारायचं असतं ते वेगळंच: भर दुपारचा मुहूर्त, कार्यालयात ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, स्टेजवर चाळीस माणसं, अक्षता उडतायत, त्यात हा मुलगा कसे फोटो काढतो? अंतरपाट दूर होतानाचे दोन्ही चेहरे, कन्यादानाच्या वेळी वडिलांचे डोळे, रुखवत, मामा, चालता न येणारी आजी, आणि सगळ्यांचे डोळे उघडे असलेला पाहुण्यांचा ग्रुप फोटो हे पेजवर कुठेच नसतं. निवडक वीस फोटोंपेक्षा एका लग्नाचे हळदीपासून पाठवणीपर्यंतचे साठ-सत्तर फोटो सलग दाखवा. तुम्ही दोन दिवस काम निभावता हे त्यातूनच कळतं.

त्याहून वाईट म्हणजे वर्कशॉपचे फोटो स्वतःचं काम म्हणून टाकणं. भाड्याने आणलेलं मॉडेल जोडपं, बारा विद्यार्थी, एकच फ्रेम. तेच जोडपं शेजारच्या गावातल्या फोटोग्राफरच्या पेजवर दिसलं की घरच्यांचा विश्वास संपतो. सीनियरच्या कामावर त्याचा मदतनीस म्हणून सेकंड कॅमेऱ्यावर काढलेले फोटोही त्याला विचारूनच टाका, आणि तसं लिहा.

अजून एकही लग्न केलं नसेल तर काय? चुलत बहिणीचं डोहाळजेवण, शेजाऱ्यांकडचं बारसं, मित्राच्या भावाची मुंज. एक-दोन कामं फुकट करायला हरकत नाही, पण ती कुठली ते तुम्ही ठरवा. ‘फोटो फुकट काढ, तुझं नाव होईल’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडून पुढचं काम आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

बूस्टचं बटण

बूस्ट म्हणजे पैसे भरून आपली पोस्ट जास्त लोकांना दाखवणं. सुरुवातीला मीही एका पोस्टवर तीन हजार रुपये घातले होते. लाइक भरपूर आले, फोन एकही नाही. जाहिरात कुठल्या भागात दिसावी हे मी नीट भरलंच नव्हतं. जाहिरात द्यायचीच असेल तर आपल्या गावाभोवतीचा टप्पा ठरवून द्या आणि बटण लाइकसाठी नको, थेट व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येईल असं लावा.

वेळही बघा. आषाढी ते कार्तिकी एकादशी चातुर्मास. तुळशीचं लग्न लागल्यावर मुहूर्त सुरू होतात, पौषात बरीच घरं थांबतात, मग माघापासून पुन्हा गडबड. २०२६ मध्ये तर अधिक ज्येष्ठ मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आहे, म्हणजे ऐन हंगामातला एक महिना जवळपास कोरडा. कार्यालय हंगामाच्या आधीच बुक होतं आणि ते झालं की फोटोग्राफरचा शोध लागलीच सुरू होतो, म्हणून जाहिरातीचे पैसे चातुर्मासात घालावेत. मुहूर्ताच्या महिन्यात जाहिरात करणं म्हणजे वरात निघाल्यावर घोडा शोधणं.

गूगलवर नाव नाही, किंवा नको तसं आहे

गावाचं नाव आणि ‘वेडिंग फोटोग्राफर’ असं टाकून शोधणारा माणूस खरोखर गरजू असतो. तरीही नवी मुलं गूगलचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी आपल्या कामाची नोंद, काढत नाहीत. ते फुकट आहे. दुकान नसेल तर पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग दाखवता येतो. पडताळणीसाठी गूगल अनेकदा व्हिडिओ मागतं, त्यात परिसर आणि कामाचं सामान दाखवावं लागतं. नावात ‘बेस्ट, स्वस्त, सांगली, प्रीवेडिंग’ असे शब्द कोंबू नका, प्रोफाइल बंद पडू शकतं. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणंही नियमात बसत नाही. अल्बम हातात दिल्यावर, घरचे पानं उलटत असतानाच रिव्ह्यूची लिंक पाठवा. त्या क्षणी माणसं मनापासून चार ओळी लिहितात.

नावाबद्दल एक सांगतो. इंग्रजीतलं चार शब्दांचं कवितेसारखं नाव ठेवलंत तर मावशी ते फोनवर बहिणीला सांगू शकत नाही. एकदा ऐकून लक्षात राहील असं नाव ठेवा.

‘रेट काय?’ याला आठ पानांची पीडीएफ

माझ्या मते सर्वांत जास्त कामं इथे हातची जातात. मेसेज येतो, ‘रेट काय?’ आणि नवा मुलगा दुसऱ्या दिवशी इंग्रजी पीडीएफ पाठवतो, त्यात सोनेरी अक्षरांत तीन पॅकेजं. वडील चष्मा लावून दोन पानं बघतात आणि सोडून देतात. काही जण उलट टोक गाठतात: ‘सर, भेटून बोलू’ म्हणतात आणि आकडाच सांगत नाहीत. घरच्यांना वाटतं, आपला चेहरा बघून भाव लावणार.

मी तासाभरात साधारण असं उत्तर देतो: ‘नमस्कार ताई, अभिनंदन! तारीख आणि कार्यालय सांगाल का? हळद आणि लग्न मिळून दोन दिवसांचे, दोन कॅमेरे आणि चाळीस पानी अल्बम धरून इतके रुपये. तारीख धरायला इतका अ‍ॅडव्हान्स. फोटो इतक्या दिवसांत, अल्बम तुम्ही फोटो निवडून दिल्यावर इतक्या दिवसांत. अशाच कार्यालयातल्या एका लग्नाचे फोटो सोबत पाठवतो.’ नमुन्याचे फोटो साधे पाठवले तर व्हॉट्सअ‍ॅप ते दाबतं, म्हणून एचडीमध्ये किंवा डॉक्युमेंट करून पाठवा. उत्तर आलं नाही तर तीन दिवसांनी एक फोन करावा. त्यानंतर मागे लागू नये.

भाव पाडून काम मिळवू नका. सोबतच्या मुलाचे पैसे, व्हिडिओवाला, अल्बमची छपाई, पेट्रोल आणि एडिटिंगच्या रात्री मांडून बघा. स्वस्तात घेतलेलं काम पुढच्या पाहुण्यापर्यंत त्याच आकड्याने पोचतं. ‘आमच्याकडे तर इतक्यात केलं होतं’ हे वाक्य मग वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.

कार्यालयाच्या दारातली माणसं

मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक, डेकोरेटर, केटरर, मेकअप करणाऱ्या ताई, मेहंदीवाल्या ताई: फोटोग्राफर ठरण्याआधी घरचे यांना भेटलेले असतात. नवी मुलं यांना नुसतं व्हिजिटिंग कार्ड देतात. त्याऐवजी पाहुणे यायच्या आधी अर्धा तास लवकर जा. रिकामं सजलेलं स्टेज, जेवणाच्या पंगतीची मांडणी, नवरीच्या अंबाड्यातला गजरा यांचे नीट फोटो काढा. आठ दिवसांत ज्याचे त्याला पाठवा, कोपऱ्यात लहानसं नाव घालून. फोटोच्या मधोमध भला मोठा वॉटरमार्क टाकलात तर डेकोरेटर तो कुणाला दाखवणार नाही. तो दाखवेल तेवढी तुमची जाहिरात. काही ठिकाणी कमिशन मागतात. मी देत नाही, कारण ते शेवटी नवरीच्या वडिलांच्याच खिशातून जातं.

न विचारता टाकलेले फोटो

ही चूक बऱ्याच जणांना चूकच वाटत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणाराच असतो. कॅमेरा तुमचा असला तरी. कायदा बाजूला ठेवला, तरी सासरी नवीन गेलेल्या मुलीचा हळदीतला फोटो तिला न विचारता जाहिरातीत फिरवणं मला पटत नाही. एका घरातून असा फोन आला तर त्या पूर्ण नात्यागोत्यातली कामं बंद होतात.

म्हणून अ‍ॅडव्हान्स घेताना पावतीच्या खाली मी एक ओळ छापलेली ठेवतो आणि ती नवरा-नवरी दोघांना वाचून दाखवतो: ‘आमचे निवडक फोटो तुमच्या कामाचा नमुना म्हणून दाखवायला आमची संमती आहे / नाही.’ काही जण ‘नाही’वर खूण करतात. त्यांचे फोटो माझ्या पेजवर जात नाहीत, आणि त्यांच्याच घरातून पुढे धाकट्या बहिणीच्या लग्नाला फोन आलेला आहे.